मशीनमध्ये दोष नाही

आमच्या घरात कोणाला ताप आलाय की नाही, हे थर्मामीटर ठरवायचा. अंग तापलंय, डोळे जळतायत, उभं राहवत नाही, असं कितीही सांगितलं तरी उपयोग नसे. बाबा आधी थर्मामीटर झटकायचे, माझ्या जिभेखाली ठेवून घड्याळात तीन मिनिटं मोजायचे आणि मग खिडकीजवळ जाऊन डोळे बारीक करून आकडा वाचायचे. "नॉर्मल आहे. बस येईल, चल." एकदा मी अशीच नॉर्मल म्हणून शाळेत गेले आणि प्रार्थनेला उभी असतानाच आडवी झाले. संध्याकाळपर्यंत अंगभर कांजिण्या उठल्या. आईने त्यावरून बाबांना कित्येक वर्षं टोमणे मारले. भात शिजलाय का विचारलं तरी म्हणायची, "लावा की थर्मामीटर." बाबा हसायचे, पण मत बदलायचे नाहीत. म्हणायचे, "सकाळी ताप नव्हता. जे नव्हतं ते आहे असं मी कसं म्हणू?"

त्यांचं हे वेड कुठून आलं होतं ते मला फार उशिरा कळलं. बाबा मराठवाड्यातल्या एका गावात वाढले, गावाबाहेरच्या आमच्या लोकांच्या वस्तीत. शाळेत मास्तर त्यांची वही हातात घेत नसत, लांबूनच बघून "बरं आहे" म्हणत. बरोबर आलेल्या गणितालाही बरोबरची खूण मिळायची नाही. पुढे गुणांवर डिप्लोमा मिळाला, डिप्लोम्यावर मुंबईत नोकरी, आणि त्या नोकरीच्या जोरावर मस्कत. तिथल्या रुवी भागातल्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ते बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. तपासणीची एक सीडी होती त्यांच्याकडे, ती मशीनमध्ये घातली की मशीन स्वतःचा एकेक भाग तपासत जायचं आणि समोर हिरवी पट्टी सरकत राहायची. "ही टेस्ट कोणाचं आडनाव विचारत नाही," असं ते मला एकदा म्हणाले होते. मी तेव्हा इंग्रजी शाळेतली पोर, आडनावाचा टेस्टशी काय संबंध, म्हणून हसले होते. आज त्या हसण्याची लाज वाटते.

रुवीजवळच दार्सैतला, तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. खालून रुवीला जाणाऱ्या टॅक्सी दोन-दोनदा हॉर्न वाजवत जायच्या, कोणी येतंय का विचारत. संध्याकाळी कृष्णमंदिराकडे निघालेल्या बायकांचं बोलणं जिन्यातून वर यायचं, गुजराती, मल्याळी, मधूनच एखादं मराठी वाक्य. हॉलमध्ये बुद्धाची लहानशी पितळी मूर्ती, तिच्यापुढे आईने ठेवलेली दोन फुलं, आणि या सगळ्याखाली विंडो एसीची चोवीस तासांची घरघर. ती इतकी अंगवळणी पडली होती की लाईट जाऊन एसी बंद पडला, तर त्या शांततेनेच दचकायला व्हायचं. आणि दुसरा आवाज आईच्या शिवणयंत्राचा. मस्कतची धूळ ही आईची खासगी शत्रू होती. खिडक्या बंद, फटींना पट्ट्या, तरी सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं. त्यामुळे आमच्या घरात उघडी वस्तू म्हणून नव्हती. मिक्सरला खोळ, टीव्हीला खोळ, फोनला झालरीची खोळ, रिमोटला प्लॅस्टिक. पाहुणे येणार म्हटलं की खोळी काढून कपाटात जायच्या आणि पाहुण्यांची पाठ वळली की परत जागेवर. शेजारपाजारच्या बायकाही आईकडून खोळी शिवून न्यायच्या. आमच्यातल्या बऱ्याच घरांतून वस्तू जुन्या होण्याआधी त्यांच्या खोळी जुन्या व्हायच्या.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी दुपारी साळवीकाका जेवायला यायचे. ते रत्नागिरीकडचे, एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन. बायको आणि मुलगी गावी, कारण कुटुंब आणण्याइतका हुद्दा त्यांना नव्हता. मस्कतच्याच वादी अदाई भागात तिघांच्या खोलीत राहायचे आणि आठवडाभर खबूस, म्हणजे तिथली रोटी, आणि डाळ खाऊन शुक्रवारची वाट बघायचे. बाबांशी त्यांची ओळख कुठल्याशा मराठी कार्यक्रमात झाली, आणि मग ते आमचेच झाले. येताना हातात काहीतरी असायचंच, कधी मत्रहच्या बाजारातली मासळी, कधी गावाहून कोणाबरोबर आलेली आमसुलं. आई सुक्या खोबऱ्याचं झणझणीत मटण करायची, काका सोलकढी करायचे आणि आईच्या रश्श्याला नावं ठेवत तीन वेळा भात घ्यायचे. "वहिनी, हे मटण हाय की शिक्षा?" असं म्हणत नाक पुसायचे. मग जेवण उरकलं की मला घेऊन बसायचे. मला चित्रं काढायची हौस होती, आणि काकांनी मला पट्टी न लावता सरळ रेघ ओढायला शिकवली. हात खांद्यातून हलवायचा, मनगटातून नाही, आणि नजर पेन्सिलीच्या टोकावर नाही, रेघ जिथे पोचायचीय तिथे ठेवायची. माझं मराठी धड नव्हतं, मी "काका, माझा लाईन वाकडा गेला" म्हणायचे, आणि ते म्हणायचे, "लाईन वाकडी गेली गो बाय, तू सरळ हायस ना, मग झालं."

खोळ मी शिवली ती काकांसाठीच. मी पंधरा वर्षांची होते, आईने नुकतंच मला मशीनवर बसू दिलं होतं. काकांची साइट वादी अदाईच्या पुढे अमरातच्या रस्त्यावर, डोंगर फोडून चालली होती. पत्र्याच्या केबिनमध्ये त्यांचा कॉम्प्युटर आणि बाहेर खडी फोडणारं क्रशर. धूळ कीबोर्डवर पिठासारखी बसते, असं ते सांगायचे. पडद्याचं निळं जाड कापड उरलं होतं. त्याची मी कॉम्प्युटरच्या डब्याच्या मापाची खोळ बेतली, आतून अस्तर लावलं, पुढच्या बाजूला वर गुंडाळून ठेवता येईल असा पदर ठेवला, म्हणजे बटण दाबायला खोळ काढायला नको. मागची बाजू मात्र खालपर्यंत बंद, वायरींपुरती भोकं. काकांच्या वाढदिवसाला दिली. ते इतके हरखले की जेवणाआधी दोनदा घडी उलगडून बघितली. "आता माझं मशीन चोवीस तास चादरीत," म्हणाले. आम्ही सगळे हसलो. बाबाही हसले. बाबांच्या डोक्यात, आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात, खोळ म्हणजे वस्तू बंद केल्यावर घालायची. काकांनी ती मशीन चालू असताना घातली. पोरीने मायेने शिवलीय, आणि धूळ काय मशीन बंद व्हायची वाट बघते थोडीच?

उन्हाळा सुरू झाला आणि काकांचं मशीन बंद पडायला लागलं. चांगलं चालता चालता फट्कन पडदा काळा, आणि मग आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू. काम अर्धवट साठवलेलं असेल तर ती फाइल नंतर उघडायचीही नाही. रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या एका मोरीचं ड्रॉइंग त्यांना तीनदा काढावं लागलं. तिकडे साइटवर माणसं ड्रॉइंगसाठी खोळंबलेली. मॅनेजर उत्तर प्रदेशकडचा होता, तोंडाचा वाईट नव्हता पण त्याच्यावरही वरून दट्ट्या होता. त्याने मशीन बाबांच्या वर्कशॉपला पाठवलं. काकांनी खोळ काढली, घडी करून खणात ठेवली, मशीन ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलं आणि पाठवून दिलं. दुसऱ्याकडे वस्तू पाठवताना माणूस स्वच्छ करूनच पाठवतो.

त्या गुरुवारी शाळा सुटल्यावर मी वर्कशॉपमध्ये गेले होते. बाबांचं वर्कशॉप इतकं थंड असायचं की मस्कतमध्ये स्वेटर घालणारा माणूस मी तेवढा एकच पाहिलाय. त्यांची पद्धत ठरलेली. आधी झाकण काढून ब्लोअरने धूळ उडवायची. मग मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून माझं खोडरबर फिरवायचं, अगदी हळू, बाळाचं तोंड पुसावं तसं. मग सगळं जागेवर बसवून सीडी लावायची. काकांचं मशीन तीन दिवस त्या टेबलावर होतं. मेमरी पास, डिस्क पास, प्रोसेसर पास, तापमान मर्यादेत. विजेचा दाबही बाबांनी मीटर लावून पाहिला. तीन दिवसांत ते एकदाही बंद पडलं नाही. शेवटी त्यांनी कंपनीच्या कागदावर अहवाल छापला, खाली सही केली. इंग्रजीत तीन शब्द होते, नो फॉल्ट फाउंड. त्याचं मराठी त्यांनी शुक्रवारी जेवताना काकांना सांगितलं.

"मशीनमध्ये दोष नाही, साळवी."

काकांचा घास हातातच राहिला. "पण साहेब, तो बंद पडतो. दुपारचा. मोठं ड्रॉइंग उघडलं की हमखास. मी काय खोटं बोलतोय काय?"

"खोटं बोलताय असं मी कुठे म्हणालो? मी एवढंच म्हणतोय की मशीनमध्ये दोष नाही."

"ते एकच झालं की ओ साहेब."

आईने उगाच काकांच्या पानात भात वाढला. काका म्हणाले, "एकदा साइटवर येऊन बघा. तुमच्या टेबलावर तो शहाण्यासारखा वागतो." बाबा म्हणाले, मशीन वर्कशॉपला आणायचं असाच नियम आहे, आणि जागा बदलली म्हणून मेमरी काही वेगळी होत नाही. हे खरंच होतं. आज मला वाटतं, बाबांनी तपासलं ते बरोबरच तपासलं होतं. फक्त टेस्टला जे विचारलं तेवढंच तिने सांगितलं, आणि त्या निळ्या कापडाबद्दल तिला कोणी विचारलंच नाही.

अहवाल मॅनेजरच्या हातात पडला आणि सगळं फिरलं. त्याने काकांना केबिनमध्ये बोलावून कागद पुढे टाकला. "मशीन ठीक है, तो गड़बड़ आदमी में है।" काका कामचुकार आहेत, ड्रॉइंग झालं नाही की कॉम्प्युटरवर ढकलतात, असं एकदा कोणाच्या तरी तोंडून निघालं आणि साइटभर झालं. आखातात नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की देश सोडायचा. आम्हा मुलांनाही हे माहीत असायचं. वर्गातली एखादी मुलगी अचानक यायची बंद झाली की आम्ही कोणी विचारायचो नाही. पुढच्या शुक्रवारी काका आले ते पेन्सिलीला न शिवता आईजवळ स्वयंपाकघरात उभे राहिले. "वहिनी, तुम्ही साहेबांना सांगा. मॅनेजर म्हणतो, इंजिनिअरने डोळ्यांनी बघून लिहून दिलं तर ठेवतो, नाहीतर खलास. पोरीची बारावी हाय पुढल्या साली." मी दारात उभी होते. मोठ्या माणसाचा आवाज असा कापताना मी पहिल्यांदाच ऐकला.

आईने सांगितलं आणि बाबा तयार झाले. गुरुवारी अर्ध्या दिवसानंतर निघायचं ठरलं. परत येताना मासळी घेऊ म्हणून मलाही गाडीत बसवलं. वादी अदाईचा चढ संपला की दोन्ही बाजूंनी उघडेबोडके तपकिरी डोंगर लागतात, आणि त्या दिवशी उन्हाने त्यांच्याकडे बघवत नव्हतं. बाबा वाटेत एकच वाक्य बोलले. "बंद पडलं तर मी तिथल्या तिथे लिहून देईन. माझं चुकलं असंही लिहीन." मला फार अभिमान वाटला होता.

केबिनमध्ये एसी होता, पण क्रशरची धूळ दाराखालून आत येत होती. साहेब यायचे म्हणून काकांनी खोळ काढून ठेवली होती, मशीन पुसून ठेवलं होतं, आमच्यासाठी खुर्च्यासुद्धा पुसल्या होत्या. मॅनेजर हाताची घडी घालून उभा. काकांनी सगळ्यात मोठं ड्रॉइंग उघडलं आणि काम सुरू केलं. आम्ही सगळे त्या पडद्याकडे बघत बसलो, ते कधी मरतंय याची वाट बघत. अर्धा तास झाला. पाऊण तास झाला. काका माऊस हलवत होते आणि त्यांच्या कानामागून घाम वाहत होता. मशीन उत्तम चालत होतं. शेवटी मॅनेजर म्हणाला, "चलिए साहब, चाय पीते हैं," आणि बाबांना पलीकडच्या केबिनमध्ये घेऊन गेला. जाता जाता बाबांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "चालू ठेवा. मी आलोच."

ते गेल्यावर काकांनी सवयीने खणातून खोळ काढली आणि मशीनवर चढवली. पुढचा पदर वर गुंडाळला, मागची बाजू नीट खालपर्यंत ओढली. मला म्हणाले, "तुझी खोळ हाय म्हणून एवढे दिवस तरी तगला गो." आणि पुन्हा कामाला लागले. मी जमिनीवर ठेवलेल्या मशीनच्या मागे जाऊन उभी राहिले, कारण खिडकीतलं ऊन तिथे येत नव्हतं. थोड्या वेळाने माझ्या पोटरीला झळ लागली. मी वाकून कापडाला हात लावला. इस्त्री नुकतीच फिरवलेल्या कपड्याला लागतो तसा चटका होता. कापडाआड पंखा जीव खाऊन फिरत होता आणि गरम हवेला बाहेर पडायला जागाच नव्हती. मी इंजिनिअरची मुलगी होते, बाबांच्या टेबलाजवळ बसून वाढले होते. मला सगळं कळलं. कुठून येतं, का येतं, बाबांच्या टेबलावर का येत नाही, सगळं. मी तोंड उघडणार तेवढ्यात फट् झालं आणि पडदा काळा पडला.

काका उठून उभेच राहिले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही, त्यांना आनंद झाला होता. "बघितलंस? बघितलंस ना?" म्हणत ते दार उघडून धावत सुटले. "साहेब! साहेब!"

आणि मी खोळ काढली. ओढून काढली, गोळा केली आणि दप्तरात कोंबली. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी घाबरले होते, काय करतेय ते कळत नव्हतं, किंवा मशीनला हवा मिळावी म्हणून काढली. खोटं आहे ते. मला दिसत होतं की आता बाबा येतील, कापडाला हात लावतील, आणि मॅनेजरसमोर, काकांसमोर सगळ्यांना कळेल की काकांची नोकरी मी शिवलेल्या खोळीने घालवली. ते मला सहन होणार नव्हतं. तेवढ्या अर्ध्या मिनिटात मला काकांचा विचार सुचला नाही, स्वतःचाच सुचला.

बाबा आणि मॅनेजर पोचले तोवर मशीन पुन्हा सुरू झालं होतं. मोकळं, पुसलेलं, निमूट. बाबांनी घाईघाईने सीडी लावली. पुढचा पाऊण तास त्यांनी सगळं पुन्हा तपासलं. मागच्या जाळीवर हात धरून म्हणाले, "गरम आहे थोडं, पण उन्हाळाच आहे." पडद्यावर तापमानाचा आकडा उतरत गेला आणि मर्यादेच्या आत येऊन थांबला. पट्ट्या हिरव्या. काका पाठीमागे उभे राहून प्रत्येक पट्टीकडे मान पुढे काढून बघत होते. मध्येच त्यांचं लक्ष गेलं. "खोळ कुठं गेली गो?"

"धुवायला घेतली काका," मी म्हणाले. "खूप मळलीय."

"बघा साहेब," काका म्हणाले, "पोरीला किती काळजी." बाबांनी मान वर केली नाही. ते आकडे वाचत होते.

मॅनेजरने विचारलं, "आपने अपनी आँख से देखा, बंद होते हुए?"

बाबांनी सीडी बाहेर काढून पाकिटात घातली. त्यांच्या मित्राचा संसार त्या उत्तरावर होता, आणि एक खोटं बोलले असते तर तो वाचला असता. त्यांनी काकांकडे बघितलं आणि मग मॅनेजरकडे. "नहीं," म्हणाले. "मैंने नहीं देखा." मी तिथेच उभी होते. मी पाहिलं होतं. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तू होतीस ना गो? सांग की." मी म्हणाले, "बंद झालं." मॅनेजर हसला. "बच्ची है," म्हणाला, आणि विषय संपला. त्याहून एक वाक्य जास्त बोलायला हवं होतं. ते मी बोलले नाही.

खोळ मी दुसऱ्या दिवशी बिल्डिंगखालच्या नगरपालिकेच्या पिंपात टाकली. काकांचा व्हिसा रद्द व्हायला दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत रोज सकाळी मी ठरवायचे की आज बाबांना सांगायचं. एकेक दिवस गेला की ते सांगणं आणखी जड व्हायचं, कारण मग काल का नाही सांगितलंस, याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. शेवटच्या शुक्रवारी काका जेवायला आले. आईने मटण मुद्दाम कमी तिखट केलं होतं, आणि काकांनी एकदाच भात घेतला. ती मीठ घालायला विसरली होती, तेसुद्धा बाबांना कळलं नाही. निघताना काका म्हणाले, "साहेब, तुमच्याकडे काय दोष नाय. तुम्ही बघितलं नाय ते कसं लिहिणार?" बाबांचे डोळे भरले. मला काकांनी त्यांचा पेन्सिलींचा डबा दिला. मी तो घेतला, हे मला आज जास्त खुपतं.

बाबा त्यानंतर शुक्रवारी कोणाला जेवायला बोलावत नसत. काम तसंच करायचे, पण अहवालाचा कागद छापून झाल्यावर सही करण्याआधी बराच वेळ पेन हातात धरून बसायचे. आई एकदा त्यांना म्हणाली, जाऊ द्या आता, तुम्ही खरं तेच बोललात. ते म्हणाले, "हो. खरं तेच बोललो." ते सुखाने म्हणाले नाहीत. बाबा निवृत्त झाले, आम्ही पुण्याला आलो, माझं लग्न झालं, मुलं झाली, बाबा थकले. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी रोज त्यांच्या उशाशी बसायचे, आणि तेव्हाही बोलले नाही. आपण निदान खरं बोललो, हा एकच आधार त्यांच्याजवळ उरला होता. खऱ्याच्या नावाखाली त्यांच्याकडून काय करवून घेतलं गेलं, ते मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? ते गेले आणि ती वाट बंद झाली.

गेल्या वर्षी आईच्या जुन्या वहीत एक पत्ता सापडला, त्यावरून नंबर मिळाला. मी आता चाळिशी ओलांडलीय, गुडघे दुखतात, तरी फोन लावताना पंधरा वर्षांच्या मुलीसारखा नंबर दोनदा चुकवला. फोन काकांनीच उचलला. आवाज म्हातारा झाला होता, पण "कोण गो?" तसाच. बाबा गेल्याचं सांगितल्यावर ते बराच वेळ "अरेरे, अरेरे" करत राहिले. मग मी विचारलं, परत आल्यावर काय केलंत? भावाच्या दुकानात बसले, म्हणाले, लोखंडाच्या सामानाच्या. ड्रॉइंगचं काम नाही केलं? "छ्या. कॉम्प्युटरला पुन्हा शिवलो नाय मी. पोरगी मोबाईल शिकवायला बघते, तर तो पण घेत नाय हातात. माझ्या हाताला मशीन लाभत नाय बाय. साहेबांसारखा माणूस, एवढ्या टेस्टी केल्या, सगळ्या पास झाल्या. म्हणजे मीच काहीतरी चुकीचं दाबत असणार ना? मला आधी पटत नव्हतं. मग हळूहळू पटलं."

मला वाटलं होतं ते रागावले असतील, विसरले असतील, नाहीतर माफ करून बसले असतील. त्यांनी माझ्यावर नाही, बाबांवर नाही, त्या मॅनेजरवरही नाही, स्वतःवरच विश्वास ठेवायचा सोडला होता, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. खोळीचं अस्तर, मागची बंद बाजू, हाताला लागलेला चटका, दप्तर, धुवायला घेतली म्हणाले ते. काही लपवलं नाही. म्हणाले, "काका, तुमची नोकरी मी घालवली. मला तेव्हा कळलं होतं आणि मी गप्प बसले." फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हाक मारली.

"म्हणजे तो बंद पडायचा," काका म्हणाले.

"हो काका."

"खराच बंद पडायचा?"

"हो. खराच."

"मी काय चुकीचं दाबत नव्हतो?"

"नाही काका. तुम्ही काहीच चुकीचं दाबत नव्हता."

त्यांनी फोन कुठेतरी टेकवून ठेवलेला ऐकू आला, आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज. लांबून, घराच्या मागच्या अंगाला तोंड करून ते बायकोला मोठमोठ्याने ओरडून सांगत होते. "अगो, ऐकलंस काय? साहेबांच्या पोरीचा फोन हाय! तो खराच बंद पडायचा! मी सांगत नव्हतो तुला? तो खराच बंद पडायचा!"

मी बराच वेळ फोन कानाला धरून होते. ते परत आले नाहीत.